तिजोरीत खडखडाट, कात्री योजनांवर: अमेरिकेतल्या राज्यांच्या कपातीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मंदीच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या वॉशिंग्टनच्या आणि शेअर बाजाराच्या. पण तिथल्या गरीब माणसाला मिळणारी बरीचशी मदत राज्य सरकारांमार्फत येते. राज्याचं बजेट कोलमडलं की कात्रीही तिथेच लागते. खालचे प्रश्न त्या कात्रीबद्दलचे आहेत. उदाहरणं जास्त करून कॅलिफोर्नियाची आणि २००८ ते २०१२ या काळातली आहेत, कारण तिथे कपातीचा जवळजवळ प्रत्येक प्रकार करून झाला. गरजेपुरती इतर राज्यंही आली आहेत.

राज्याला कपात करावीच का लागते? कर्ज काढून वेळ मारून नेता येत नाही का?

केंद्र सरकारला येते, राज्याला येत नाही. व्हरमाँट सोडलं तर प्रत्येक अमेरिकी राज्यात अर्थसंकल्प समतोल ठेवण्याचं कायद्याचं किंवा राज्यघटनेचं बंधन कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे. रस्ते-पुलांसाठी रोखे काढता येतात, पण रोजचा खर्च भागवायला वर्षानुवर्षं कर्ज काढत राहता येत नाही. नोटा छापायचा अधिकार तर नाहीच.

अर्थात बंधन आहे म्हणून सगळं सरळ चालतं असं नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने सरकारी नोकरांचा ३० जून २०१० चा पगार एक दिवस पुढे ढकलून १ जुलैला द्यायचं ठरवलं. तिथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. म्हणजे पगार तेवढाच, माणसं तीच, फक्त तारीख सरकली आणि त्या वर्षीच्या वहीतून एक मोठा खर्च गायब झाला. असल्या हातचलाखीला एकदाच जागा असते. ती संपली की खऱ्या कपातीकडे वळावं लागतं.

आणि नेमकी मंदीतच कपात? गरज तर तेव्हाच जास्त असते.

हाच सगळ्या प्रकरणातला पेच आहे. लोकांच्या नोकऱ्या गेल्या की आयकर आणि विक्रीकर दोन्ही आटतात, आणि तेच लोक मदतीच्या खिडकीसमोर येऊन उभे राहतात. कॅलिफोर्नियाचा आयकर तर मूठभर श्रीमंतांच्या उत्पन्नावर आणि शेअरच्या नफ्यावर फार अवलंबून आहे, त्यामुळे बाजार पडला की तिजोरी नुसती उतरत नाही, कोसळते. २००७-०८ मध्ये राज्याच्या सर्वसाधारण निधीत सुमारे १०२ अब्ज डॉलर महसूल आला होता. पुढच्याच वर्षी तो ८३ अब्जांच्या आसपास आला. त्याच वेळी मदतीसाठी येणाऱ्या अर्जांचा ओघ मात्र वाढत होता.

इतक्या मोठ्या बजेटमध्ये कात्री गरिबांच्या योजनांवरच का येते?

कारण बाकीचं बरंच आधीच बांधलेलं असतं. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये मतदारांनी थेट मंजूर केलेल्या प्रस्ताव ९८ नुसार शाळांसाठी एक किमान वाटा राखून ठेवावा लागतो. कर्जाचे हप्ते चुकवता येत नाहीत. तुरुंगातल्या कैद्यांच्या वैद्यकीय सेवेवर न्यायालयाची देखरेख होती. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची आरोग्ययोजना (कॅलिफोर्नियात तिचं नाव मेडी-कॅल), हिच्यात केंद्राचा पैसा असल्यामुळे तिचे नियम राज्याला मनाला येतील तसे बदलता येत नाहीत. एवढं सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं त्यात रोख मदत, पाळणाघरं, वृद्धांची घरपोच सेवा आणि निवारे येतात.

मेडिकेडमध्येसुद्धा फट आहेच. काही सेवा राज्याने द्यायलाच हव्यात, तर काही ऐच्छिक आहेत. ऐच्छिक या शब्दाने फसू नका. ऐच्छिक कोणासाठी, तर राज्यासाठी. प्रौढांचे दात, पायांचे उपचार, ऐकण्याच्या तपासण्या, वाचा-उपचार हे सगळं त्या यादीत आहे. १ जुलै २००९ पासून कॅलिफोर्नियाने मोठ्या माणसांसाठीच्या या सेवा बंद केल्या. मुलं वाचली, कारण मुलांना लागेल तो उपचार द्यायचं बंधन केंद्राच्या कायद्यात आहे.

दात म्हणजे काही जीवनमरणाचा प्रश्न नाही. तिथे कपात केली तर काय बिघडलं?

कपात करणाऱ्यांनीही हाच विचार केला असावा. म्हणून जरा जवळ जाऊन पाहू.

दात किडलाय आणि दुखतोय. कपातीआधी डॉक्टर दात भरायचा, मुळाचा उपचार करायचा, गरज पडली तर कवळी बसवायचा, आणि बिल मेडी-कॅल भरायचं. कपातीनंतर गरोदर बाया आणि शुश्रूषागृहातले रुग्ण अशा थोड्या अपवादांखेरीज उरलं काय, तर तातडीचं दुखणं थांबवणं आणि दात उपटणं. म्हणजे जो दात भरून वाचला असता त्यासाठी पैसे नाहीत, आणि तो पूर्ण सडला की उपटायला आहेत! दात उपटल्यावर त्या जागी नवा बसवायला पुन्हा नाहीत. समोरचे दोन दात नसलेला माणूस दुकानातल्या गल्ल्यावर किंवा हॉटेलात काम मागायला गेला तर काय होतं, हा हिशेब कुठल्याच तक्त्यात मांडलेला नसतो.

सेवा अंशतः परत आली १ मे २०१४ ला, आणि पूर्ण आली १ जानेवारी २०१८ ला. मधे गेली साडेआठ वर्षं. दात काही तेवढं थांबत नाहीत.

राज्याने योजनेतून एक डॉलर कापला की एक डॉलर वाचतो ना?

बहुतेकदा नाही. या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच असल्यामुळे उत्तर जरा लांबतंय.

मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात. कॅलिफोर्नियासाठी हा वाटा साधारणपणे निम्मा-निम्मा असतो. याचा अर्थ राज्याला आपला एक डॉलर वाचवायचा असेल तर दोन डॉलरची सेवा बंद करावी लागते. दुसरा डॉलर वॉशिंग्टनचा होता, तो तिकडेच राहतो. फेब्रुवारी २००९ च्या ओबामा सरकारच्या आर्थिक पॅकेजनंतर तर केंद्राने तात्पुरता जास्त भार उचलला आणि कॅलिफोर्नियासाठी आपला हिस्सा ६१.५९ टक्क्यांवर नेला. मग तिजोरीतला एक डॉलर वाचवायला अडीच डॉलरहून जास्त किमतीची सेवा कापावी लागत होती. हेल्दी फॅमिलीज ही अल्प उत्पन्न गटातल्या मुलांची विमा योजना होती. तिच्यात राज्याच्या एका डॉलरमागे केंद्र जवळजवळ दोन टाकत असे.

हा बाहेरून आलेला पैसा कुठे जातो तेही बघायला हवं. तो दवाखान्यात, परिचारिकेच्या पगारात, औषधाच्या दुकानात जातो, म्हणजे राज्यातच फिरतो. तो थांबला की पगार थांबतो आणि पगारावरचा करही थांबतो.

उलट्या दिशेनेही गंमत आहे. रोख मदत कापली की कुटुंबाचं उत्पन्न कमी दिसतं, त्यामुळे त्यांचे फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नधान्य घ्यायला मिळणारी सरकारी मदत, वाढतात. साधारण एका डॉलरमागे तीस सेंट. फूड स्टॅम्पची रक्कम पूर्णपणे केंद्राची असते. म्हणजे इथे कापणाऱ्या राज्याच्या खड्ड्यात केंद्र थोडी माती टाकतं. राज्यांचे हिशेबनीस हे सगळं जाणून असतात. विधिमंडळातल्या भाषणांत मात्र ते येत नाही.

तेव्हा कपातीचा आकडा वाचताना तो एकूण खर्चाचा आहे की राज्याच्या स्वतःच्या पैशाचा, हे आधी पाहावं. पहिला आकडा मथळ्यासाठी असतो. तूट भरून निघते ती दुसऱ्याने.

कॅलिफोर्निया रोख मदतीची योजना पूर्ण बंद करणार होता, हे खरं का?

प्रस्ताव खरा होता. १९ मे २००९ ला बजेट सावरण्यासाठी मतदारांपुढे सहा प्रस्ताव ठेवले होते. मतदारांनी पाच फेटाळले. सहावा तेवढा झोकात मंजूर केला, तो होता तुटीच्या वर्षी आमदारांना पगारवाढ न देण्याचा. लोकांचा मूड कसा होता ते एवढ्यावरून कळावं. त्यानंतर काही दिवसांतच राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी कॅलवर्क्स, म्हणजे मुलं असलेल्या गरीब कुटुंबांची रोख मदत, आणि हेल्दी फॅमिलीज या दोन्ही योजना गुंडाळण्याचा प्रस्ताव मांडला.

कॅलवर्क्सवर तेव्हा पाच लाखांच्या आसपास कुटुंबं होती. १९९६ च्या कायद्यानुसार केंद्र या कामासाठी राज्यांना ठरावीक ठोक रक्कम देतं. सगळ्या राज्यांची मिळून वर्षाला साधारण साडेसोळा अब्ज डॉलर. कॅलिफोर्नियाचा वाटा सुमारे ३.७ अब्ज. योजना बंद म्हणजे तोही बंद, कारण राज्याने स्वतःचा ठरावीक खर्च चालू ठेवणं ही त्या पैशाची अट आहे. शिवाय गरीब मुलांच्या कुटुंबांना रोख मदत न देणारं देशातलं एकमेव राज्य, असा शिक्का बसला असता.

प्रस्ताव मागे पडला. माझ्या मते तो मंजूर होण्यासाठी मांडलेलाच नव्हता. घर पाडायची नोटीस आधी लावायची, मग नुसती भिंत पाडली की घरमालक सुटकेचा निःश्वास टाकतो, तसला हा प्रकार. जुलैच्या तडजोडीत योजना जिवंत राहिली, पण कामासाठीचं प्रशिक्षण आणि पाळणाघरं यांच्या पैशांतून जिल्ह्यांच्या वाट्याचे कोट्यवधी डॉलर गेले. पाळणाघराला पैसे नाहीत म्हणून लहान मुलांच्या आयांना कामाच्या अटीतून सूट द्यावी लागली. ज्या योजनेच्या नावातच काम आहे तिची ही गत.

प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम किती कमी झाली?

महागड्या जिल्ह्यांत तिघांच्या कुटुंबाला, म्हणजे बहुतेकदा आई आणि दोन मुलं, कॅलवर्क्समधून महिन्याला जास्तीत जास्त ७२३ डॉलर मिळत. जुलै २००९ मध्ये ४ टक्के कपात होऊन ते ६९४ झाले. जुलै २०११ मध्ये आणखी ८ टक्के गेले आणि ६३८ वर आले. महिन्याचे ८५ डॉलर, वर्षाचे हजाराच्या वर. त्याच वर्षी मोठ्या माणसांसाठी आयुष्यभरात मिळून मदत घेण्याची मुदत ६० महिन्यांवरून ४८ महिन्यांवर आणली. मुदत संपली की घरातल्या मोठ्या माणसाचं नाव कटतं, मुलांच्या वाट्याचे पैसे चालू राहतात. कागदावर मुलांना हात लागलेला नसतो. घरभाडं मात्र आईचं वेगळं आणि मुलांचं वेगळं असं भरता येत नाही.

एकटे वृद्ध, अंध किंवा अपंग यांना केंद्राच्या मदतीवर राज्य आपली पुरवणी रक्कम देतं. २००९ च्या सुरुवातीला दोन्ही मिळून ९०७ डॉलर होत, २०११ मध्ये ८३० उरले. यात केंद्राचे ६७४ तसेच होते, कापले गेले ते राज्याच्या वाट्यातले. आणखी का कापले नाहीत? कारण खाली केंद्राने आखलेली लक्ष्मणरेषा होती. पुरवणी रक्कम मार्च १९८३ च्या पातळीच्या खाली नेली तर मेडिकेडचा केंद्रीय पैसा धोक्यात येतो. राज्य त्या रेषेला टेकेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

राज्याने पैशांऐवजी चिठ्ठ्या वाटल्या होत्या म्हणे?

हो. २ जुलै २००९ पासून राज्याचे लेखानियंत्रक जॉन चियांग यांनी अनेक देणेकऱ्यांना धनादेशाऐवजी वचनचिठ्ठ्या पाठवायला सुरुवात केली. दिसायला धनादेशासारखीच, पण आत्ता पैसे नाहीत, नंतर ३.७५ टक्के व्याजासकट देऊ, असा तिचा अर्थ. कराचा परतावा मागणारे, राज्याला माल पुरवणारे, स्थानिक संस्था अशांच्या हातात त्या पडल्या. शाळा आणि कर्जफेड यांचा मान राज्यघटनेनुसार पहिला, म्हणून त्यांना रोख. काही मोठ्या बँकांनी आठवडाभर त्या वटवल्या, मग १० जुलैनंतर हात वर केले.

एकूण सुमारे साडेचार लाख चिठ्ठ्या, २.६ अब्ज डॉलरच्या. सप्टेंबरपासून त्या वटवल्या गेल्या आणि कोणाचे पैसे बुडाले नाहीत. पण ज्या छोट्या संस्थेचं पुढच्या आठवड्याचं भाडं त्यावर अवलंबून होतं, तिला तीन-पावणेचार टक्के व्याज घेऊन काय करायचं होतं?

राज्यपाल एकटा कपात करू शकतो का?

बऱ्याच राज्यांत करू शकतो, ठरावीक मर्यादेत. कॅलिफोर्नियात राज्यपालाला विधिमंडळाने मंजूर केलेल्या एखाद्या तरतुदीचा आकडा कमी करता येतो किंवा खोडता येतो. वाढवता येत नाही. २८ जुलै २००९ ला तडजोडीच्या बजेटवर सही करताना श्वार्झनेगर यांनी आणखी जवळपास ४८.९ कोटी डॉलर स्वतःच्या पेनने कापले. त्यात बालसंरक्षण सेवेचे ८ कोटी होते. घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या बायकांच्या निवाऱ्यांचे १.६ कोटीही होते, म्हणजे राज्याकडून त्यांना मिळणारी सगळीच्या सगळी रक्कम. काही निवाऱ्यांना कुलपं लागली. बराच गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरमध्ये पर्यायी इंधनाच्या निधीतून उसनवारी करून ते पैसे परत दिले गेले. या पेनाविरुद्ध खटलाही झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्यपालाच्या बाजूने निकाल दिला.

त्याच वर्षी, ८ ऑक्टोबरला, आणखी एक खोडाखोड झाली. बजेट तब्बल शंभर दिवस उशिरा आलं होतं. त्यातून कॅलवर्क्सच्या पाळणाघर मदतीच्या तिसऱ्या टप्प्याचे २५.६ कोटी डॉलर गेले. तिसरा टप्पा कोणासाठी? रोख मदत सोडून नोकरीला लागलेल्या आणि त्या नोकरीत टिकून राहिलेल्या आयांसाठी. म्हणजे सरकारने सांगितलं तसंच वागलेल्यांसाठी.

कपात जाहीर न करताही होते का?

होते, आणि मला जास्त धास्ती तिचीच वाटते, कारण तिच्यावर कोणी मतदान केलेलं नसतं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दार बंद करणं. आत असलेल्यांना हात लावायचा नाही, नवे अर्ज घ्यायचे नाहीत. ॲरिझोनाने १ जानेवारी २०१० पासून किड्सकेअर या मुलांच्या विम्यात असं केलं. मुलं मोठी होत जातात, कोणाचं उत्पन्न बदलतं, कोणाचा कागद चुकतो. योजना बर्फासारखी आपोआप वितळत जाते. दार पुन्हा उघडलं ते २०१६ मध्ये.

दुसरा मार्ग म्हणजे कागद आणि छोटी फी. ओरेगॉनने २००३ मध्ये गरीब प्रौढांच्या आरोग्ययोजनेत महिन्याचा हप्ता सक्तीचा केला. उत्पन्नानुसार ६ ते २० डॉलर. चुकला तर सहा महिने योजनेबाहेर. वर्षाच्या आत निम्म्याहून जास्त लोक बाहेर पडले. सहा डॉलर जमवण्यापेक्षा ते दर महिन्याला, वेळेवर, टपालाने भरणं जास्त अवघड होतं, विशेषतः ज्याला बँक खातं नाही आणि पत्ताही कायमचा नाही त्याला.

तिसरा मार्ग इलिनॉयचा. राज्यपाल ब्रूस राउनर आणि विधिमंडळ यांच्या भांडणात २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं पूर्ण बजेटच झालं नाही. योजना कायद्यात होत्या, पण राबवणाऱ्या संस्थांची बिलं पडून होती. थकबाकी वाढत वाढत १४ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. जानेवारी २०१६ मध्ये लुथेरन सोशल सर्व्हिसेस या तिथल्या मोठ्या सेवाभावी संस्थेने तीस उपक्रम बंद केले आणि साडेसातशे माणसं कमी केली. यातला एकही उपक्रम बंद करण्याचा ठराव कोणी मांडलेला नव्हता.

लाभार्थ्याला हे कधी कळतं?

एका पत्रातून. मदत कमी किंवा बंद करण्याआधी किमान दहा दिवस लेखी सूचना द्यावी लागते, आणि तिच्यावर सुनावणी मागायचा हक्क असतो. १९७० च्या गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुनावणीआधी रोख मदत तोडता येणार नाही. त्यामुळे कपात लागू व्हायच्या आत अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत जुनी रक्कम चालू राहते. पण एक मेख आहे. तुमच्या प्रकरणात चूक झाली, एवढ्यापुरताच हा आधार आहे. विधिमंडळाने सगळ्यांचीच रक्कम ८ टक्के कमी केली असेल तर सुनावणीत सांगण्यासारखं काही उरत नाही.

न्यायालयात जाऊन कपात थांबवता येते का?

कधीकधी. कॅलिफोर्नियात चार लाखांहून जास्त वृद्ध आणि अपंगांना घरी येऊन मदत करणारी सेवा आहे. तिच्यातली वेतनकपात आणि पात्रता आवळण्याचा प्रयत्न या दोन्ही गोष्टी २००९ मध्ये संघीय न्यायालयाने रोखल्या. २०११ मध्ये राज्याने वृद्धांची दिवसभराची आरोग्यकेंद्रं योजनेतून काढली. खटला झाला, तडजोड झाली आणि एप्रिल २०१२ पासून तीच सेवा नव्या नावाने सुरू झाली. दिवसा सांभाळणारं केंद्र बंद झालं की म्हातारी माणसं शुश्रूषागृहात जातात, आणि तिथलं बिल कितीतरी मोठं असतं, हा मुद्दा तिथे उपयोगी पडला.

पण ही वाट पुढे अरुंद झाली. २०१५ च्या आर्मस्ट्राँग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मेडिकेडचे दर कमी दिले म्हणून सेवा देणाऱ्यांना थेट राज्याविरुद्ध दाद मागता येणार नाही. ते बघणं केंद्राच्या खात्याचं काम. ते खातं किती बघतं, हा वेगळा विषय.

कापली तर लोक निदान काम शोधतील, हे खरं नाही का?

काही शोधतात, काहींना मिळतंही. तेजीच्या काळात हा युक्तिवाद ऐकून घेण्यासारखा आहे. अडचण अशी की बजेटची तूट तेजीत येत नाही. मिशिगनचे राज्यपाल जॉन एंग्लर यांनी १९९१ मध्ये मुलंबाळं नसलेल्या गरिबांची सर्वसाधारण मदत बंद केली तेव्हा सुमारे ८० हजार माणसं बाहेर पडली. वर्ष मंदीचं होतं आणि राज्य मोटार कारखान्यांचं. ॲरिझोनाने रोख मदतीची आयुष्यभराची मुदत २०१० मध्ये ३६ महिने, २०११ मध्ये २४ आणि नंतर १२ महिन्यांवर आणली. पहिल्या दोन पायऱ्या मंदीच्या झळा बसत असतानाच्या. काम शोधायला लावायचं असतं तर पाळणाघर आणि प्रशिक्षण यांचे पैसे आधी वाचवायला हवे होते. वर पाहिलंच, तेच आधी गेले.

मग आधी फसवणूक का रोखत नाहीत? तिथेच कितीतरी पैसा मुरत असेल.

फ्लोरिडाने २०११ मध्ये रोख मदत मागणाऱ्यांची अमली पदार्थांची चाचणी सक्तीची केली. ४,०८६ जणांची चाचणी झाली, दोषी निघाले १०८. बाकीच्यांना चाचणीचा खर्च परत द्यावा लागला, एक लाख १८ हजार डॉलर. न्यायालयाने काही महिन्यांतच तो कायदा थांबवला. फसवणूक होते आणि ती पकडायलाच हवी. पण ३० जूनच्या आत अब्जावधींची तूट भरायला ती पुरत नाही.

कर वाढवणं हा पर्याय नव्हता का?

होता, पण कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रस्ताव १३ पासून करवाढीला विधिमंडळात दोनतृतीयांश मतं लागतात. त्या काळी बजेट मंजूर करायलाही तेवढीच लागत. फेब्रुवारी २००९ मध्ये काही तात्पुरते कर वाढले. ते पुढे चालू ठेवायला मतदारांनी मे महिन्यात नकार दिला. नोव्हेंबर २०१० मध्ये बजेटपुरती साध्या बहुमताची सोय झाली. मग राज्यपाल जेरी ब्राउन यांनी विधिमंडळाला वळसा घालून प्रस्ताव ३० थेट जनतेपुढे नेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये लोकांनी अडीच लाखांहून जास्त कमावणाऱ्यांवरचा आयकर आणि पाव टक्का विक्रीकर तात्पुरता वाढवायला होकार दिला. तोवर तीन वर्षांच्या कपाती होऊन गेल्या होत्या.

चांगल्या वर्षांत पैसे बाजूला टाकून ठेवले तर?

ठेवतात आता. २०१४ च्या प्रस्ताव २ ने राज्याला वाईट दिवसांचा निधी बळकट करायला लावला. २०१८ मध्ये खास कल्याणकारी योजनांसाठी वेगळा राखीव निधीही सुरू झाला. २०२४-२५ मध्ये पुन्हा मोठी तूट आली तेव्हा त्यातले ९० कोटी डॉलर पूर्ण वापरून टाकले. निधी त्यासाठीच होता, तेव्हा तक्रार नाही. फक्त त्या साली देशात मंदी नव्हती.

कापलेल्या योजना परत येतात का?

काही येतात, उशिराने. ॲरिझोनाने १ ऑक्टोबर २०१० पासून काही अवयव प्रत्यारोपणांचे पैसे देणं थांबवलं तेव्हा ९८ माणसं रांगेत होती. टीका इतकी झाली की एप्रिल २०११ मध्ये निर्णय फिरवला. या सगळ्या यादीत लवकर मागे घेतलेल्या थोड्या कपातींपैकी ही एक, आणि रांगेतल्या सगळ्यांना तेवढाही वेळ मिळाला नाही. कॅलवर्क्सची ६० महिन्यांची मुदत परत आली मे २०२२ मध्ये. २०११ मध्ये ज्या आईचं नाव कटलं तिचं तेव्हा सहा वर्षांचं असलेलं मूल आता सतरा वर्षांचं झालं होतं.

परत आली की मधल्या काळाचे पैसे मिळतात का?

नाही. पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण बघा. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथली सर्वसाधारण मदत बंद झाली. ती बहुतेक जिल्ह्यांत महिन्याला २०५ डॉलर होती आणि घेणारे सुमारे ६८ हजार होते. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा चुकीच्या पद्धतीने मंजूर झाल्याचं सांगून रद्द केला, आणि मदत पुन्हा सुरू झाली. २०१९ मध्ये विधिमंडळाने या खेपेला नीट पद्धतीने कायदा करून ती परत बंद केली.